मूठ सोडली की शून्य!

दोस्तांनो, मोताळ्याजवळच्या एका गावातून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र छान आहे, आणि प्रश्न त्याहून छान. तिच्या बाबांनी साध्या सायकलला मोटारीचं किट बसवून घेतलंय. मागच्या चाकाच्या मध्यभागी मोटार, मधल्या दांडीला बॅटरी आणि उजव्या हाताशी रेसची मूठ. घाटाखालून घाटावर, म्हणजे राजूर घाट चढून बुलडाण्याला, बाबा याच सायकलवर कामाला जातात. पावसात भिजून मूठ बिघडली. दुकानदार म्हणाला, नवी मागवायला आठ दिवस लागतील. आता तिचा प्रश्न : “शाळेच्या लॅबमध्ये आम्ही आर्डुइनो शिकलोय. मग ही मूठ मला घरीच करता येईल का?”

येईल की! एका रविवारी होईल. सामानही फार लागत नाही. पण ‘रेस देणारी मूठ’ करणं हे यातलं निम्मंच काम आहे, आणि तेही सोपं निम्मं. उरलेलं निम्मं आज आपल्याला नीट बघायचंय. टेबल मोकळं करा, आईला किंवा दादाला हाक मारा आणि वहीपेन्सिल जवळ ठेवा.

आधी ही मूठ करते काय ते पाहू. पेट्रोलच्या गाडीत मूठ पिळली की एक वायर ओढली जाते. ती वायर इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतला पडदा उघडते आणि इंजिन जोर करतं. मूठ सोडली की स्प्रिंग पडदा पुन्हा मिटवते. आपल्याकडे सगळे याला ‘रेस देणं’ म्हणतात. शब्द इंग्रजी, पण वापर अगदी आपला.

विजेच्या सायकलला हवेचा पडदा नसतो. मग पुष्कळांच्या मनात पहिली कल्पना येते ती पंख्याच्या रेग्युलेटरची. बॅटरी आणि मोटार यांच्या मध्ये एक कमी-जास्त होणारा रोध घालावा, झालं! तसं करून पाहू नका हं. गणित करा. २५० वॅटची मोटार ३६ व्होल्टच्या बॅटरीवर पूर्ण जोरात चालली, तर विद्युतधारा किती? २५० भागिले ३६, म्हणजे जवळजवळ ७ ॲम्पिअर. रेडिओतला आवाज कमी-जास्त करायचा जो व्हॉल्यूम कंट्रोल असतो, त्याच्यातून ७ ॲम्पिअर सोडले तर धूर निघायला काही सेकंद पुरतील.

म्हणून मुठीतून मोटारीची वीज जातच नाही. ती जाते कंट्रोलर नावाच्या डबीतून. कंट्रोलर एका सेकंदात हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. चालूचा वेळ जास्त ठेवला तर मोटार जोरात, कमी ठेवला तर हळू. मूठ फक्त निरोप देते : “इतकी रेस हवी.” हा निरोप असतो विभवांतराच्या भाषेत. कंट्रोलर मुठीला ५ व्होल्ट देतो, आणि मूठ त्यातले किती व्होल्ट परत पाठवते यावरून तो वेग ठरवतो. आपण आज जी मूठ करणार आहोत तिच्यातून जाईल जेमतेम ०.३५ मिलिॲम्पिअर. मोटारीच्या विजेचा वीस हजारावा भाग! एवढ्याशा निरोपावर बाबांची सायकल घाट चढते.

आता एक मजेदार गोष्ट. बाजारातली मूठ सोडलेली असताना ती शून्य व्होल्ट पाठवत नाही. पाठवते साधारण ०.८ ते १ व्होल्ट. आणि पूर्ण पिळली तरी ५ पाठवत नाही, साडेतीन ते सव्वाचारच्या आसपास थांबते. खालचा एक आणि वरचा पाऊण व्होल्ट असे मोकळे का सोडले असतील? विचार करून ठेवा. उत्तर आपण स्वतः शोधणार आहोत, तेही तारा उपसून.

सामान सांगतो. १० किलोओहमचा एक पॉट (रेडिओ दुरुस्तीवाले काका याला ‘व्हॉल्यूम’ म्हणतात), २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टन्स (त्यांच्यावर लाल, लाल, लाल असे तीन पट्टे असतात), चिमट्यांच्या चार-पाच वायरी, एक मल्टिमीटर, सायकलचा जुना ब्रेक लिव्हर आणि त्याची वायर, दोन स्प्रिंगा, नायलॉनची बारीक मजबूत दोरी आणि हे सगळं ठोकायला एक फळी. विजेसाठी मोबाइलचा चांगल्या अवस्थेतला चार्जर, जो ५ व्होल्ट देतो. त्याची जुनी केबल कापून आतली लाल आणि काळी तार बाहेर काढायची. केबल कापायची ती चार्जरपासून आणि चार्जर भिंतीपासून सुटा केल्यावरच. कोणती तार पॉझिटिव्ह आणि कोणती निगेटिव्ह हे रंगावर विश्वास न ठेवता मीटरनं बघून घ्या.

पॉट विकत घेताना त्याच्यावर इंग्रजी ‘बी’ अक्षर आहे ना हे बघा. ‘ए’ असलेला पॉट आवाजासाठी असतो. त्याचा रोध सारख्या प्रमाणात बदलत नाही, सुरुवातीला हळू आणि मग एकदम वाढतो. कानाला ते बरं वाटतं, पण सायकलला धक्का बसेल.

जोडणी अगदी सरळ आहे. पॉटला तीन पाय असतात. एका कडेच्या पायाला एक रेझिस्टन्स लावून तो लाल तारेला जोडा. दुसऱ्या कडेच्या पायाला दुसरा रेझिस्टन्स लावून तो काळ्या तारेला. मधल्या पायातून निघते ती आपली निरोपाची तार. मीटरचं काळं टोक काळ्या तारेवर आणि लाल टोक निरोपाच्या तारेवर ठेवा. पॉट फिरवा. आकडा ०.७६ पासून ४.२४ पर्यंत फिरायला हवा. (तुमचा चार्जर ५.१ देत असेल, पॉट नेमका १० नसेल, म्हणून थोडं इकडेतिकडे होईल, त्याची काळजी नको.)

हे आकडे कुठून आले? ओहमचा नियम पुस्तकात नुसता पाठ करायला दिलेला नाही! एकूण रोध २.२ अधिक १० अधिक २.२, म्हणजे १४.४ किलोओहम. मधला पाय अगदी खाली असला तर त्याच्या खाली उरतात २.२. मग ५ गुणिले २.२ भागिले १४.४, बरोबर ०.७६. वरचा आकडा तुम्ही काढा. म्हणजे ते दोन लाल-लाल-लाल रेझिस्टन्स नसते, तर आपली मूठ शून्यापासून थेट पाचपर्यंत गेली असती. त्यांच्यामुळे दोन्ही टोकांना थोडी जागा मोकळी राहिली, अगदी विकतच्या मुठीसारखी.

आता या पॉटला लिव्हर जोडायचा. इथे घरगुती कारागिरांची गाडी हमखास अडते. पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला पाऊण वळसा, म्हणजे साधारण २७० अंश फिरावा लागतो. आपलं मनगट किंवा लिव्हर फिरतो जेमतेम ६०-७० अंश. लिव्हर सरळ पॉटच्या दांडीला बांधला तर आपण पाऊण व्होल्टापासून निघून दीड-पावणेदोनलाच थांबू.

याचं उत्तर आजोबांच्या रेडिओत आहे. जुन्या रेडिओचं स्टेशन लावायचं बटण फिरवलं की काचेमागचा काटा सरकायचा, आठवतंय? तुम्हाला नसेल आठवत, आजोबांना विचारा. आत एक दोरी असायची. ती चाकावरून वळसा घेऊन स्प्रिंगला बांधलेली असे. तेच करू. ब्रेकची वायर साधारण दीड-दोन सेंटिमीटर ओढली जाते. पॉटची दांडी असते ६ मिलिमीटर जाडीची. तिच्यावर रबरी नळीचा पातळ तुकडा चढवून ती ८ मिलिमीटर केली, की परीघ झाला साधारण २५ मिलिमीटर. त्याचा पाऊण भाग काढा : जवळजवळ १९. म्हणजे ब्रेक वायरची ओढ आणि पॉटचा पाऊण वळसा यांचं छान जमलं!

दोरीचं एक टोक ब्रेकच्या वायरला बांधा, दांडीभोवती दीड वळसा द्या आणि दुसरं टोक स्प्रिंगला. स्प्रिंग फळीवरच्या खिळ्याला. दोरी घसरू नये म्हणून दांडीच्या टोकाला खाच असेल तर तिच्यातून ओवून घ्या. पॉट शेवटाला टेकण्याआधी लिव्हर हँडलला टेकला पाहिजे, नाहीतर जोरात दाबल्यावर पॉटचीच मान मोडेल. आणि स्प्रिंग एक नाही, दोन लावा, शेजारी शेजारी. एक तुटली तरी दुसरीनं लिव्हर मागे नेला पाहिजे. खरंच नेते का, हे एक स्प्रिंग काढून बघा.

लिव्हर दाबा, मीटर चढेल. सोडा, उतरेल. उलटं होत असेल, म्हणजे सोडल्यावर ४.२४ दिसत असेल, तर कडेच्या पायांवरच्या लाल-काळ्या जोडण्यांची अदलाबदल करा. हे सायकलवर न जाता टेबलावर कळलं, बरं झालं. हात सोडला की पूर्ण वेगानं सुटणारी सायकल कुणाला हवीय?

झाली मूठ! इथे पुष्कळ जण थांबतात आणि ती सायकलला लावून मोकळे होतात. आपण तारा उपसायला सुरुवात करू.

लिव्हर सोडलेला ठेवा, मीटर ०.७६ दाखवतंय. तीन तारा आहेत : लाल, काळी आणि निरोपाची. एकेक तार एकेकदा काढायची आणि मीटर बघायचं. पण काढण्याआधी वहीत लिहा की काय होईल असं तुम्हाला वाटतं. हे लिहिल्याशिवाय तार काढायची नाही, आपली अट आहे.

लाल तार काढली. मीटर शून्यावर. कंट्रोलरला शून्य दिसलं तर तो मोटार थांबवेल. चांगलं झालं.

निरोपाची तार पॉटच्या पायाशी काढली, मीटर तसंच तिच्या टोकाला. आता मीटर कधी शून्याजवळ, कधी भलतंच काही दाखवेल. तार हवेत लोंबकळतेय, तिला कुणी सांगितलंच नाही किती व्होल्ट ते. कंट्रोलरच्या बाजूला ही तार आणि काळी तार यांच्यामध्ये १०० किलोओहमचा एक रेझिस्टन्स (तपकिरी, काळा, पिवळा) कायमचा लावून टाकला की लोंबकळती तार आपोआप शून्यावर बसते. निरोप जोडलेला असताना हा रेझिस्टन्स फारसा आडवा येत नाही.

आता काळी. म्हणजे पॉटकडे येणारी काळी तार, मीटरचं टोक जागेवरच राहू द्या. लिव्हर सोडलेलाच आहे, हात लावलेला नाही. तार काढा.

मीटर उडी मारून साडेचार ते पाचच्या मध्ये जाईल! (१०० किलोओहमचा रेझिस्टन्स लावला असेल तर ४.४६, नसेल तर थेट ५.) लिव्हरला कुणी स्पर्शही केलेला नाही, आणि निरोप गेलाय : “पूर्ण रेस!” का? काळ्या तारेची वाट बंद झाली, त्यामुळे पॉटमधून धारा जवळजवळ वाहतच नाही. धारा नाही तर रोधात व्होल्टही कमी होत नाहीत. लाल तारेचे ५ व्होल्ट जसेच्या तसे मधल्या पायावर येऊन बसतात.

आता मघाचं कोडं सुटलं ना? वरची आणि खालची जागा मोकळी ठेवली ती याचसाठी. ०.५ दिसले किंवा ४.८ दिसले, तर ते माणसाच्या हाताचं काम नव्हे, तार तुटलीय, हे कंट्रोलरनं ओळखावं आणि थांबावं. चांगले कंट्रोलर ओळखतातही. पण सगळेच ओळखतात यावर विसंबता येत नाही. आणि आपल्या मुठीत तार तुटल्यावर आलेला ४.४६ हा आकडा पूर्ण रेसच्या ४.२४ ला इतका चिकटून आहे, की कंट्रोलरही गोंधळेल.

काळी तार तुटण्याची शक्यता किती, असं वाटेल. हँडल वळलं की दर वेळी तारा एकाच ठिकाणी वाकतात. बाहेरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. मग हँडल डावीकडे असताना तार जोडलेली, उजवीकडे वळवलं की तुटलेली! घाटातली वळणं डोळ्यांसमोर आणा. राजूर घाटात उतारावर, समोरून एस.टी. येत असताना, हँडल वळवल्याबरोबर सायकलनं स्वतःहून रेस घेतली तर? म्हणून या मैत्रिणीला मी पहिल्या ओळीत ‘येईल’ म्हटलं, आणि पुढे एवढं लांबण लावलं.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हा धडा महाग पडलाय. २००९ आणि २०१० मध्ये जपानच्या टोयोटा कंपनीला लाखो मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी होत्या, अपघातात माणसं गेली होती. संशय इलेक्ट्रॉनिक्सवर होता, म्हणून अमेरिकेत चक्क नासाच्या इंजिनिअरांना तपासाला बसवलं. २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यांना इलेक्ट्रॉनिक्समध्ये तसा दोष सापडला नाही. सापडलेली कारणं साधी होती : पायाखालची मॅट पेडलमध्ये अडकणं आणि दाबलेलं पेडल पटकन वर न येणं. म्हणजे प्रश्न रेस देण्याचा नव्हताच, रेस सुटण्याचा होता. आपल्या दोन स्प्रिंगांना उगीच हसू नका!

आजकालच्या मोटारींच्या पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तरच गाडी ऐकते. दोघांचं जुळलं नाही तर वेग कमी करते. साक्षीदार दोन असले की खोटं पकडणं सोपं, तसंच हे. आणि ही युक्ती आपल्यालाही करता येते, तीही स्वस्तात.

स्टिरिओच्या ॲम्प्लिफायरमध्ये डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज एकाच बटणानं वाढतो. त्या बटणाखाली एकाच दांडीवर दोन पॉट बसवलेले असतात. असा जोड पॉट आणा, १० किलोओहम, ‘बी’ अक्षराचा. (इथे ‘ए’ चुकून आला तर सगळं गणित बिघडेल.) आणखी दोन लाल-लाल-लाल रेझिस्टन्स घ्या. पहिला पॉट आत्तासारखाच जोडा. दुसरा मुद्दाम उलटा, लाल काळ्याच्या जागी आणि काळी लालच्या जागी. आता लिव्हर दाबला की पहिला ०.७६ वरून चढतो, दुसरा ४.२४ वरून उतरतो. दोघांची बेरीज कुठेही थांबलात तरी ५! तिनं केलेल्या प्रश्नातला आर्डुइनो इथे कामाला येतो.

आर्डुइनो काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : हाताच्या तळव्यावर मावेल असा छोटा संगणक, २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला. नाव पडलं ते तिथल्या एका बारवरून, आणि त्या बारचं नाव एका जुन्या राजावरून! तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथल्या कपाटात तो असणारच. नसेल तर तालुक्याच्या आयटीआयमधल्या सरांना भेटा, किंवा शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणा ताई-दादाची ओळख काढा. मुलं विचारायला आली की शिकवणाऱ्यांना आवडतंच.

आर्डुइनो उनो हा ० ते ५ व्होल्टांचे ० ते १०२३ असे आकडे करतो. आपले दोन्ही मधले पाय त्याच्या दोन ॲनालॉग पायांना जोडा, प्रत्येकाला १०० किलोओहमचा तो खाली बसवणारा रेझिस्टन्स द्या. मग त्याला आपल्या भाषेत सांगायचं ते इतकंच : दोन्ही आकडे वाच, बेरीज कर. बेरीज ९२० पेक्षा कमी किंवा ११०० पेक्षा जास्त असेल तर बाहेर शून्य पाठव. ठीक असेल तर पहिला आकडा जेवढा, तेवढी रेस पाठव. दोन पॉट कधीच तंतोतंत सारखे नसतात, म्हणून दोन्हीकडे थोडी सूट ठेवलीय. बाहेरच्या पायाला एक एलईडी लावा (४७० ओहमच्या रेझिस्टन्समधून), म्हणजे रेस डोळ्यांना दिसेल. लिव्हर दाबा, एलईडी उजळेल.

आता पुन्हा तारा उपसा. काळी काढा. दोन्ही आकडे वर उडतात, बेरीज ५ च्या जागी ९ व्होल्टांच्या घरात जाते, आणि एलईडी विझतो. लाल काढा, दोन्ही शून्य, विझतो. एकच निरोपाची तार काढा. लिव्हर दाबलेला ठेवून काढा, सोडलेला ठेवून काढा, मधे ठेवून काढा. एखाद्या जागी एलईडी विझला नाही तर? विशेषतः जी तार त्या वेळी फक्त ०.७६ सांगतेय ती काढली, तर बेरीज फार बदलत नाही, ५ ची सव्वाचार होते, आर्डुइनोच्या भाषेत साधारण ८५०. म्हणून खालची मर्यादा ९२० ठेवलीय. ती ८०० ठेवून बघा म्हणजे फरक कळेल.

आणखी एक खोडी राहिली. आर्डुइनोचा प्रोग्रॅम मध्येच अडकून बसला तर? त्याचा रेस पाठवणारा भाग थोडा वेगळा चालतो. प्रोग्रॅम झोपला तरी तो शेवटचा निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. शेवटचा निरोप ‘पूर्ण रेस’ असेल तर पूर्ण रेसच! यासाठी त्या चिपमध्ये ‘वॉचडॉग’ नावाचा राखणदार असतो. ठरावीक वेळात प्रोग्रॅमनं त्याला थोपटलं नाही, तर तो सगळं बंद करून नव्यानं सुरू करतो. लॅबच्या सरांकडून तो कसा जागा करायचा हे शिकून घ्या. आणि ब्रेक लिव्हरमध्ये मोटार बंद करणारा जो छोटा खटका किटसोबत येतो, त्याच्या तारा कधीही आर्डुइनोतून नेऊ नका. त्या थेट कंट्रोलरला जातात, तशाच जाऊ द्या. ब्रेक दाबल्यावर मोटार थांबायला कुणाची परवानगी लागता कामा नये.

एवढं सगळं झाल्यावर, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, सायकलवर बघता येईल. पण मागचं चाक हवेत. सायकल डबल स्टँडवर, चाकापासून ओढणी आणि वेण्या लांब, बॅटरीचं बटण दुसऱ्याच्या हाताखाली. एलईडीऐवजी बाहेरचा पाय १० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून नेऊन पुढे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काळ्या तारेला जोडायचा, म्हणजे आर्डुइनोची थरथर गुळगुळीत होऊन कंट्रोलरला सरळ व्होल्ट मिळतात. आर्डुइनोची काळी तार आणि कंट्रोलरची काळी तार एकमेकींना जोडलेली हवी. कंट्रोलरच्या तारांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक तार मीटरनं मोजा. काही मुठींमध्ये बॅटरीचा काटा दाखवायला ३६ व्होल्टांची तारही येते, ती आर्डुइनोला लागली तर आर्डुइनो संपला. बॅटरीचं खोकं मात्र कुणीही उघडायचं नाही.

आणि रस्त्यावर? मैत्रीण, रस्त्यावर बाबांसाठी विकतचीच मूठ आण. आठ दिवस थांबायचं. आपल्या पॉटच्या आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारी पत्र्याची जीभ असते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर होते ना, ती या पट्टीवर धूळ बसल्याची. खामगावच्या जिनिंगच्या रस्त्यावरची धूळ आणि घाटातला पाऊस पॉटनं किती दिवस सोसावा? रेडिओत खरखर झाली तर कानाला त्रास, मुठीत झाली तर झटका.

विकतच्या मुठीत घासणारं काही नसतं. फिरणाऱ्या भागात चुंबक आणि आत चण्याच्या डाळीएवढा हॉल सेन्सर. चुंबक जवळ-लांब झाला की त्यातले व्होल्ट बदलतात. एडविन हॉल नावाच्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यानं १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून, जवळ चुंबक धरून हा परिणाम शोधला. तेव्हा त्याला चोविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. सायकलच्या मुठीत तो कधी जाऊन बसेल हे त्याच्या स्वप्नातही नसेल! पण लक्षात घ्या, हॉल सेन्सरच्या मुठीलाही लाल, काळी आणि निरोपाची अशा तीनच तारा असतात. नवी मूठ आली की बाबांना बसवण्याआधी चाक हवेत ठेवून, बॅटरी बंद करून एकेक तार सोडव आणि मग चालू करून बघ, तुमचा कंट्रोलर काय करतो ते. तो कसा वागतो हे घाटाआधी माहीत असलेलं बरं.

आईबाबांसाठी एक ओळ. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या आणि ६० किलोपेक्षा जड नसलेल्या अशा सायकलीला केंद्राच्या मोटार वाहन नियमांत मोटार वाहन मानलेलं नाही. मात्र त्याच नियमांत तिला योग्य ब्रेक आणि उजेड परतवणाऱ्या पट्ट्या हव्यात असंही म्हटलंय. ब्रेक आधी, मोटार मागून.

“हे सगळं पुण्या-मुंबईकडचं काम” असं कुणी म्हणालं तर त्याला फलटणचं नाव सांगा. सातारा जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी, निंबकर कृषी संशोधन संस्थेत, डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली होती, तीही विजेच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागण्याच्या पुष्कळ वर्षं आधी. अमेरिकेत शिकून राजवंशी १९८१ मध्ये फलटणला आले आणि तिथेच राहिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात तर मुलं हातानं काम करतच शिकतात. डॉ. कलबागांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. कधी त्या बाजूला गेलात तर बघून या.

तर आता वहीत तीन रकाने आखा : कोणती तार काढली, मला काय वाटलं होतं, मीटरनं काय दाखवलं. लिव्हर सोडलेला, अर्धा आणि पूर्ण अशा तिन्ही वेळी. मग शंभर वेळा लिव्हर दाबून सोडा आणि पुन्हा मोजा, सोडल्यावरचा आकडा तोच आहे का? बदलला असेल तर दोरी घसरतेय की स्प्रिंग ढिली पडलीय ते शोधा. तुमचे आकडे आम्हाला कळवा. काळ्या तारेसमोरचा आकडा ठळक लिहा, आणि पॉटवर ‘ए’ होता की ‘बी’ तेही.